गाडग्यातले जीव

मंगरूळच्या आमच्या घरी उन्हातून आलेल्या पाहुण्याने पाणी मागितलं तर त्याला थोडं थांबावं लागे. माठ भरलेला असे, पण पाणी गाळून बराच वेळ झाला असेल तर मोठी आई ते पुन्हा गाळायला घेई. जाड कापडाचं दुहेरी फडकं, त्याला आम्ही गाळणं म्हणायचो, ते घागरीच्या तोंडावर बसवायचं, मधे खळगा करायचा आणि वरून बारीक धार सोडायची. आधी ती धार, मग खाली ठिबकण्याचा आवाज, मग गाळणं उलटं करून त्याच्यावरून गाळलेलंच पाणी सोडल्याचा आवाज. माझ्या लहानपणाला दुसरा आवाजच नव्हता की काय, असं कधीकधी वाटतं. गाळण्यात जे अडकलं ते डोळ्यांना दिसो न दिसो, जीवच. उलट्या गाळण्यावरून धुऊन घेतलेलं ते पाणी म्हणजे जिवाणी, आणि ती ज्या विहिरीची त्याच विहिरीत परत गेली पाहिजे असा आम्हा जैनांचा नेम. वरून ओतायची नाही, इतक्या उंचीवरून पडून जीव मरतील. त्यासाठी आमच्याकडे बुडाला कडी असलेली एक बादली होती. ती सरळ खाली जायची आणि पाण्याला टेकली की दोराला एक हिसका द्यायचा, मग ती अलगद कलंडायची. आता माझ्या फ्लॅटमध्ये भिंतीवर पाण्याचं मशीन आहे. ते काय अडवतं आणि अडवलेलं कुठे नेऊन टाकतं, हे मी कधी उघडून पाहिलेलं नाही.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा गेले, पाठोपाठ माझी आई गेली, आणि किराणा दुकानाच्या मागच्या तीन खोल्यांत माझे वडील, म्हणजे दादा, मी आणि मोठी आई एवढेच उरलो. ती व्रती होती. दिवसातून एकदाच जेवायची, सूर्य असताना, कांदा-लसणाचा वासही न लागलेलं. पण म्हणून कोणी तिला गंभीर बाई समजू नये. तिच्या हातचे मुगाचे सांडगे, ज्वारीच्या कण्या, अंबाडीची भाजी खाऊन गल्लीतली माणसं बोटं चाटत जायची, आणि जाताना तिच्या तोंडची चार वाक्यंही खाऊन जायची. मी कॉलेजात जायला लागल्यावर तिला फार चिडवायची. म्हणायची, "मोठे आई, इतके जीव सोडतं रोज विहिरीत, एखाद्याचं नाव तरी ठेवलं का?" ती हात न थांबवता म्हणायची, "ठेवलं ना. एकीचं प्रभा ठेवलं. लय वळवळ करते." प्रभा मीच.

अकोल्याच्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं तेव्हा नात्यातल्या लोकांनी नाकं मुरडली. जंतू मारायची विद्या, आपल्या घरात कशाला. मोठी आईच त्या वेळी माझ्या बाजूने उभी राहिली. तिला वाटलं, जे आपण जन्मभर न पाहता सांभाळतो ते पोरगी पाहायला निघाली आहे, यात वाईट ते काय? पहिल्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा तिने मला समोर बसवून विचारलं, "खरंच दिसतात का वं?" मी म्हटलं, दिसतात, पोहतात, एकाचे दोन होतात. तिने डोळे मिटून हात जोडले. मला तेव्हा हसू आलं होतं.

ज्या उन्हाळ्याबद्दल लिहायला बसले आहे, त्या उन्हाळ्यात आमची विहीर आटली. बादली खाली गेली आणि दगडावर वाजली. गल्लीत टँकर यायला लागला. त्याचं पाणी शेलूच्या रस्त्यावरच्या तळ्यातून यायचं. पाणी तळ्याचं, म्हणजे जिवाणीही तळ्याचीच. ती तिथे न्यायची कशी? मोठ्या आईने टँकरवाल्या रशीदभाईला गाठलं. एका गाडग्यात जिवाणी घेऊन, वर ओलं फडकं बांधून ती त्याच्यापुढे उभी राहिली.

"रशीदभाई, हे तळ्यावर नेजा. हळूच सोडजा, पाण्याले टेकवून. वरून नका टाकू."

"काकू, याच्यात हाये काय?"

"जीव हायेत."

त्याने फडकं बाजूला करून आत पाहिलं. "मले त पाणीच दिसून राह्यलं."

"मलेबी नाई दिसत. पण हायेत."

रशीदभाईने फडकं पुन्हा नीट बसवलं. गाडगं सीटशेजारी दोरीने बांधलं आणि घेऊन गेला. मग ते रोजचंच झालं. परत आला की मोकळं गाडगं देताना तो म्हणायचा, "सोडले बरं काकू, समदे पोहत गेले." ती खूश होऊन त्याला सांडगे बांधून द्यायची. मला अजून वाटतं की तो खरंच तळ्यात उतरून, गाडगं टेकवून सोडत असणार. तशा स्वभावाचा माणूस होता.

एक दिवस तो भरलेलं गाडगंच घेऊन परत आला. तळ्यात आता चिखलही उरला नाही, टँकर दूरच्या एका बोरवर भरायला लागला होता. "मंग म्हटलं रस्त्यात कायले ओतू? तुमचे तुमाले परत द्याव." आता मोठी आई कात्रीत सापडली. तळ्याचे जीव बोरच्या पाण्यात सोडायचे नाहीत, एका पाण्यातले जीव दुसऱ्या पाण्यात मरतात अशी समजूत. जमिनीवर ओतायचं तर प्रश्नच नाही. तिने ते गाडगं मागच्या ओट्यावर सावलीत ठेवलं आणि तळ्याला पाणी येईपर्यंत सांभाळायचं ठरवलं. त्याच आठवड्यात कारंज्याला नात्यात गमी झाली, कोणी वारलं, आणि तिला जावं लागलं. दादा दिवसभर दुकानात, मी अकोल्याला. ओट्यावरची सावली सरकली, ऊन आलं, आणि मातीचं गाडगं आमच्याकडच्या मे महिन्यात किती पाणी धरून ठेवणार? ती परतली तेव्हा तळाशी राखाडी पापुद्रा तेवढा उरला होता.

परीक्षा संपवून मी घरी आले तेव्हा ती जेवण सोडून बसली होती. आमच्यात हातून हिंसा घडली तर महाराजांपुढे जाऊन सांगायचं आणि ते देतील ते प्रायश्चित्त घ्यायचं. पण महाराज विहारात होते, पायी पायी केनवडच्याही पलीकडे गेलेले, आणि मंगरूळला कधी येतील ते कोणीच सांगेना. तिने ठरवून टाकलं, ते येईपर्यंत अन्न नाही, दिवसातून एकदा उकळलेलं पाणी. उपवासाची तिला सवय होती, त्याची आम्हाला भीती नव्हती. पण तिचं काळीज दोन वर्षांपासून दगा देत होतं. नाडी चालता चालता अडखळायची, ओठ निळे पडायचे. डॉक्टर घरी येऊन दादांना बाहेर नेऊन सांगून गेले की या उन्हात हे असंच चाललं तर त्या राहणार नाहीत. दादांनी ते जसंच्या तसं तिला सांगितलं. मंदिरातल्या पंडितजींनी समजावलं की जाणूनबुजून केलेलं नाही, जप करा आणि जेवा. तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"भाऊजी, तुमी खरं सांगा," ती दादांना म्हणाली, "गाडग्यात किती होते? शंभर का लाख? मले आकडाबी ठाऊक नाई. त्यायचा भरवसा होता माह्यावर."

"वहिनी, त्यायले काय भरवसा असते वं!" दादा रडकुंडीला आले होते. त्यांची आई लवकर गेली होती, त्यांना वाढवलं होतं तिनेच.

मी मात्र चिडले होते. इतकी चिडले होते की दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. एका गाडग्यातल्या वाळल्या पाण्यासाठी जिवंत बाईने मरायचं, आणि घरादाराने हात जोडून बघत बसायचं, ही कुठली अहिंसा? हा राग माझा अजून पुरता गेलेला नाही. तिसऱ्या दिवशी ओट्यावर गेले, गाडगं उचललं, तळाचा पापुद्रा नखाने खरवडला, आणि तेव्हा मला आमच्या मॅडमचं बोलणं आठवलं.

मॅडमनी वर्गात एका जिवाणूबद्दल सांगितलं होतं. किरणांचा मारा करून निर्जंतुक केलेल्या मांसाच्या डब्यात तो जिवंत सापडला. माणूस ज्यांच्या कणभर मात्रेने मरेल असे किरण झेलून हा मजेत. वसाहत गुलाबी, चार-चारच्या गटांनी राहणारा. मॅडम म्हणाल्या होत्या, पृथ्वीवर एवढे किरण कुठेच नाहीत, मग याला ही ताकद हवी कशाला? काहींना वाटतं की कोरडं पडून टिकायला. जे वाळूनही मरत नाहीत तेच किरणांनीही मरत नाहीत. हे वाक्य मला गाडगं हातात असताना आठवलं. मी पापुद्र्याचे खरवडे स्वच्छ बाटलीत भरले आणि मोठ्या आईपुढे जाऊन बसले.

"हे मेलेच, हे कोणं सांगतलं तुले?"

"वाळले ना वं ते."

"वाळले म्हंजे मेले असं नसते. मी पाहून येतो. जिवंत निंगाले तर जेवशील?"

तिने बाटली हातात घेऊन आतले खरवडे निरखले. मग म्हणाली, "लबाडी नाई करजो."

"नाई."

"मंग जेवीन."

अकोल्याला कॉलेज सुट्टीमुळे ओस होतं, पण मॅडम प्रयोगशाळेत यायच्या. मी सगळं सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. खरवडा पाण्यात मिसळून आम्ही काचेच्या थाळ्यांत पेरला. निम्म्या थाळ्या मॅडमनी जंतू मारायच्या अतिनील दिव्याखाली धरायला लावल्या, गुलाबी असतील तर तेच टिकतील आणि ओळखू येतील म्हणून. मग वाट बघायची. खोलीवर मला झोप लागेना, तिकडे ती पाण्यावर होती. दुसऱ्या दिवशी पांढरे, पिवळे ठिपके आले ते नुसत्या थाळ्यांत. दिव्याखालच्या थाळ्या कोऱ्या. मी रडले. त्याच्यापुढच्या दिवशी सकाळी कोऱ्या थाळ्यांत टाचणीच्या टोकाएवढे गुलाबी ठिपके होते. मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि मला जागा करून दिली. चार-चार, एकमेकांना चिकटून बसलेले.

इथे एक सांगून ठेवते, नाहीतर माझेच विद्यार्थी मला विचारतील. ते तळ्यातले होते की ओट्यावर उडून आलेल्या धुळीतले, हे त्या प्रयोगाने सिद्ध होत नाही. तेव्हाही होत नव्हतं. पण मला त्या दिवशी विज्ञान करायचं नव्हतं, मला मोठी आई हवी होती. चिकटपट्टी लावून एक थाळी पिशवीत घातली आणि पहिली मिळाली ती एसटी पकडली.

ती खाटेवर पडली होती, चेहरा बोटभर झाला होता. मी थाळी तिच्या हातात दिली. तिने ती उजेडाकडे धरली. गुलाबी ठिपक्यांवरून, काचेच्या बाहेरून, बोट फिरवलं.

"हे तेच?"

"गाडग्यातलेच. पाणी भेटलं अन् उठून बसले."

"कसे काय वाचले वं?"

"ते अजून कोणालेच पुरतं ठाऊक नाई."

ती हसली. इतक्या दिवसांनी हसली. दादा दुकान उघडं टाकून आत धावत आले आणि पारण्याची तयारी सुरू झाली. मी पाणी गाळलं, मुगाचं कढण केलं, तेही पातळ, फक्त जिरं आणि मीठ. तिला उठवून भिंतीशी टेकवून बसवलं. थाळी तिने शेजारीच पाटावर ठेवायला लावली होती. णमोकार म्हणून तिने पहिला घोट घेतला, मग दुसरा. तिच्या गळ्याची हालचाल बघून दादांनी तोंड फिरवलं, त्यांना हुंदका आवरेना. माझ्या अंगात आनंद मावत नव्हता आणि मी बोलतच सुटले होते.

"मोठे आई, कसे चिवट हायेत माहीत हाये? नुसते वाळून वाचले नाईत. दिव्याखालीबी नाई मेले!"

"कोणता दिवा?"

"तिथं एक दिवा असते, जंतू माराचा."

तिचा हात वाटीवर थांबला. "त्याच्याखाली कायले ठेवले?"

"मरतात का नाई पाहाले."

"अन् मंग?"

"मंग बाकीचे गेले, हे गुलाबीच तेवढे..."

मी तिथे थांबले, कारण तिने वाटी खाली ठेवली होती. व्रती माणूस जेवताना हिंसेची गोष्ट कानावर पडली, ताटात मेलेला जीव दिसला, तर तिथेच हात थांबवतो. त्याला अंतराय म्हणतात. मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही आणि पाणीही नाही. मला हे पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. भाताच्या ताटात मुंगी निघाली म्हणून तिला उठलेलं मी कितीदा पाहिलं होतं.

"बाकीचेबी गाडग्यातलेच होते ना," ती म्हणाली. प्रश्नासारखं नाही म्हणाली. मग तिने चूळ भरली.

दादांनी तिचे पाय धरले. "वहिनी, पाणी तरी घ्या. डॉक्टरनं सांगतलं हाये. पाप लागलं तर माह्यावर घ्या."

"असं दुसऱ्यावर नाई टाकता येत भाऊजी. एवढे दिवस काढले, आता एक दिवस काय? उद्या ऊन वर आलं का घेतो." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू कायले रडून राह्यली? मी इचारलं, तू खरं सांगतलं. लबाडी नाई केली." तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात भट्टीसारखा तापला होता.

मी भांडले. हात जोडले, मग ओरडले, मग वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तुझा धर्म मला कळत नाही, तुला जंतूंची दया येते आणि आमची येत नाही? ती ऐकत होती. तिला राग आला नाही, आणि तेच मला सहन झालं नाही. डॉक्टर सलाईन घेऊन आले, तिने हात मागे घेतला. दुपारभर उन्हाने पत्रे कडकडत होते. संध्याकाळी तिला बोलायला त्रास व्हायला लागला, तरी थाळीकडे बोट दाखवून म्हणाली, "तळ्याले पाणी आलं का सोडजो. टेकवून." सकाळी ऊन ओट्यावर येण्याच्या जरा आधी तिचा श्वास थांबला. कढण पुन्हा केलेलं होतं, दादा चुलीशी बसून ते कोमट राखत होते. मी जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी आधी चूल विझवली.

लोक मला विचारतात, तुम्ही याच विषयाकडे कशा वळलात? मी काहीतरी उत्तर देते. खरं उत्तर हे की ती थाळी मी तळ्यात सोडली नाही. तळ्याला पाणी आलं, दादांनी मला कळवलंही. पण तोवर त्या गुलाबी जातीचं बियाणं मॅडमच्या फ्रिजमध्ये होतं, आणि मला मोठ्या आईच्या प्रश्नाने पछाडलं होतं. कसे काय वाचले? त्याचं उत्तर शोधण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. आता बरंच ठाऊक झालं आहे. वाळताना पेशीतला डीएनएचा धागा तुटतो. किरणांनीही तोच तुटतो, तसाच, तुकड्या-तुकड्यांनी. बहुतेक जीव थोड्याशा तुटण्यानेच संपतात. याचे शेकडो तुकडे झाले तरी हा त्याच धाग्याच्या दुसऱ्या प्रतीशी टोकं जुळवून पाहतो आणि काही तासांत अखंड धागा पुन्हा विणतो. विणणारी प्रथिनं शाबूत राहावीत म्हणून पेशीत मँगनीज साठवून ठेवतो. किरणांशी याचं पूर्वजन्मीचं काही वैर नाही. कोरडं पडायची त्याला सवय आहे, एवढंच. आमच्याकडच्या तळ्यांना जशी असते.

हे कळायला काय करावं लागतं, तेही लिहिते. एकेक जनुक घ्यायचं, ते मोडायचं, आणि मग तो जीव वाळवून किंवा किरणांखाली धरून पाहायचं, मरतो का. मेला, तर ते जनुक कामाचं होतं. नाही मेला, तर पुढचं जनुक मोडायचं. एक जनुक असं सापडलं की ते मोडल्यावर तो किरणांनीही मेला आणि नुसता वाळवला तरी मेला. त्या निष्कर्षाबद्दल माझं कौतुक झालं. सभागृहात टाळ्या वाजत असताना मला वाटलं, आता सांगता येईल तिला, कसे वाचले ते. आणि दुसऱ्याच क्षणी कळलं की तिने फक्त एवढंच विचारलं असतं की हे समजायला किती मारले. मला आकडा सांगता आला नसता. असा आकडा कोणी ठेवत नाही.

माझी चूक झाली, असं मी म्हणणार नाही. माझ्या कामाने पुढे कोणाचं काहीतरी भलं झालं असेल, आणि तिच्या नेमाने कोणाचंच झालं नाही, हे मी तिच्या तोंडावरही बोलले असते. ती असती तर आम्ही रोज भांडलो असतो, आणि ते भांडण मला हवं होतं.

तिच्या गाडग्यातली ती जात मी स्वतःच्या हाताने पहिल्यांदा किरणांच्या यंत्रात ठेवली, तो दिवस मात्र आठवतो. यंत्राचं दार लावलं, बटण दाबलं, बाहेर येऊन बाकावर बसले. डबा उघडला, पोळीचा घास मोडला आणि परत ठेवला. त्या दिवशी मी जेवले नाही, पाणीही प्यायले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा थाळ्या ठेवल्या आणि जेवले. त्यानंतर रोज जेवत आले.